‘पी’ पेणचा, ‘आर’ रोह्याचा

इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवायची म्हणून डिक्शनरी उघडून बसलेला माणूस ‘ए’मध्ये पंडित असतो, ‘बी’मध्ये बरा असतो आणि ‘सी’पर्यंत सहसा पोचत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारून बघा. ‘अबँडन’, ‘अबेट’, ‘ॲब्डिकेट’, ‘ॲब्हॉर’ हे शब्द त्याला झोपेतून उठवून विचारले तरी येतात. ‘विदहोल्ड’ किंवा ‘यील्ड’ विचारलं की तो छताकडे बघतो. राजाने गादी सोडली तर इंग्रजीत काय म्हणायचं हे पेणच्या पोराला पाठ असतं, पण ठेकेदाराने पगार ‘विदहोल्ड’ केला म्हणजे दिला की अडवला, इथे तो अडतो. गादी सोडायची पाळी त्याच्यावर येण्याची शक्यता कमी. पगाराची पाळी दर महिन्याला येते.

असं असूनही प्रस्तुत पुस्तक पहिल्या अक्षरावरच उभं आहे, त्यामुळे आधी भूमिका मांडायला हवी. आमच्या मते पहिलं अक्षर ही शब्द साठवायची जागा नाही. साठवलेला शब्द वर ओढून काढायची ती कडी आहे. कोशकारांनी शब्द सापडावा म्हणून अक्षरानुक्रम लावला, तो योग्यच होता. शिकणाऱ्यांनी त्या अनुक्रमालाच अभ्यासक्रम समजून घेतलं, आणि घोटाळा तिथे झाला.

कडी कशी काम करते हे मराठी मुलांना शिकवावं लागत नाही. नाव-गाव-फळ-फूल हा खेळ प्रत्येक जण खेळलेला असतो. एकाने मनात वर्णमाला म्हणायची, दुसऱ्याने ‘स्टॉप’ म्हणायचं, आणि जे अक्षर येईल त्याची नावं भराभर लिहायची. ‘प’ आला की रायगड जिल्ह्यातल्या मुलांची गावाच्या रकान्यात चंगळ असते: पेण, पनवेल, पाली, पोलादपूर. ‘म’ आला तर महाड, माणगाव, मुरूड, म्हसळा. पण या खेळाची खरी गंमत गुणांच्या नियमात आहे. दोघांनी तेच गाव लिहिलं तर पाच-पाच, कुणीच न लिहिलेलं सुचलं तर दहा. त्यामुळे ‘पेण’वर न थांबता मूल आणखी आत हात घालतं आणि एरवी कधी न आठवलेलं ‘पळस्पे’ बाहेर काढतं. शब्द नवा नव्हता, तो आत होताच. त्याला बाहेर यायचं कारण त्या दहा गुणांनी दिलं. इंग्रजीच्या वर्गात हा खेळ वर्षानुवर्षं ऑफ तासाला खेळला जातो, जणू तो अभ्यास नव्हेच. माझ्या मते त्या दिवसातला तोच सर्वांत चांगला अभ्यास असतो.

शब्द कोणत्या क्रमाने लावावेत हा प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्याकडे त्याची उत्तरं इंग्रजीपेक्षा वेगळी दिली गेली. अमरकोश अर्थानुसार लावलेला आहे: स्वर्ग, काळ, भूमी, नगर, वनौषधी असे वर्ग, आणि एकेका वस्तूची सगळी नावं एकत्र, तीही श्लोकांत, म्हणजे पाठांतराची सोय. त्याच कोशात अनेकार्थी शब्दांचा जो नानार्थवर्ग आहे तो मात्र अक्षरावर लावलेला आहे, आणि ते अक्षर पहिलं नसून शेवटचं आहे. ‘क’ने संपणारे आधी, मग ‘ख’ने संपणारे. छंदात बोलणाऱ्या-ऐकणाऱ्या समाजाला शब्दाचं शेपूट हीच खूण जवळची वाटली असावी. भेंड्या खेळताना आपण अजून तेच करतो, समोरच्याच्या शेवटच्या अक्षरावरून आपलं पहिलं उचलतो.

रायगडावर राजधानी असताना, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राजव्यवहारकोश तयार झाला. फारसी-अरबी दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश दहा वर्गांत, विषयवार आहे. किल्ल्याचे शब्द किल्ल्यात, शस्त्रांचे शस्त्रांत, स्वयंपाकघराचे स्वयंपाकघरात. ज्याला जे काम, त्याने तो वर्ग उघडायचा. आज आपण ज्याला ‘कामापुरतं इंग्रजी’ म्हणतो त्याच जातीची ही दृष्टी होती, आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या किल्ल्यावर साडेतीनशे वर्षांपूर्वी होती हे ध्यानात असलेलं बरं.

इंग्रजीत अक्षरानुक्रम रूढ व्हायलाही वेळ लागला. इंग्रजीचा पहिला एकभाषी कोश मानला जातो तो रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तराचा, १६०४ सालचा, सुमारे अडीच हजार शब्दांचा. त्यात त्याला वाचकाला आधी हे समजावून सांगावं लागलं की शब्द शोधायचा तर अक्षरांचा क्रम पाठ हवा. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला तोवर ही सवय मुरली होती. मराठीत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये, आणि मोल्सवर्थ-कँडींचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाच्या टेबलावर अक्षरानुक्रम ठाण मांडून बसला तो या जाडजूड ग्रंथांमुळे. दरम्यान लंडनमध्ये १८५२ साली पीटर मार्क रॉजेटने अर्थानुसार लावलेला थिसॉरस काढला आणि इंग्रजांना जणू अमरकोशाची वाट दाखवली.

या दोन वाटा एकाच माणसात भेटल्याचं उदाहरण रोह्याचं आहे. चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोहा-तळ्याचं. १९१२ च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, अर्थमंत्री. हा सगळा इतिहास लोकांना माहीत असतो. उतारवयात त्यांनी अमरकोशातल्या निवडक शब्दधनाची इंग्रजी वाचकांना ओळख करून देणारं पुस्तक केलं, हे मात्र रोह्यातही फारसं कुणी सांगत नाही. ज्यांचं इंग्रजी दृष्टांत म्हणून आपल्यासमोर ठेवलं जातं, त्या माणसाची शब्दांची भूक संस्कृत कोशावर पोसलेली होती.

विसाव्या शतकात शब्द शिकवण्याचे निरनिराळे पंथ झाले. आपल्याकडे त्याआधीपासून द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. धड्याला थोडे शब्द, लगेच त्यांची वाक्यं, आणि ती वाक्यं इकडून तिकडे, तिकडून इकडे. कित्येक पिढ्यांच्या कारकुनांचं, शिक्षकांचं, वकिलांचं इंग्रजी तिच्यावर घडलं. आजच्या चकचकीत पुस्तकांपुढे ती रुक्ष वाटते, पण एक गोष्ट तिने कधी केली नाही: शब्दाला वाक्याबाहेर उपाशी ठेवलं नाही.

दुसरा पंथ वारंवारतेचा. भाषेत सगळे शब्द सारखे राबत नाहीत. थोडे शब्द बहुतेक काम ओढतात. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकने १९२१ साली शिक्षकांसाठी दहा हजार शब्दांची यादी काढली. मायकेल वेस्ट ढाक्यात बंगाली मुलांना इंग्रजी शिकवण्याच्या कामात होता. शाळा लवकर सोडून जाणाऱ्या मुलाला निदान वाचता तरी यावं, या चिंतेतून त्याने मोजक्या शब्दांची वाचनपुस्तकं रचली, आणि १९५३ साली सुमारे दोन हजार शब्दांची त्याची जनरल सर्व्हिस लिस्ट प्रसिद्ध झाली. जगभर गाजलेल्या या यादीच्या मुळाशी पूर्व बंगालच्या शाळा आहेत. तिसरा पंथ मूळ धातूंचा, नॉर्मन लुइसच्या १९४९ मधल्या ‘वर्ड पॉवर मेड ईझी’चा. हे पुस्तक पदपथावर, स्टेशनाबाहेर, अभ्यासिकेत सगळीकडे दिसतं. एक लॅटिन धातू पकडला की दहा शब्द हाती लागतात हे खरं. पण ज्याला संस्कृत धातूही कधी कुणी उलगडून दाखवले नाहीत, त्याला लॅटिनच्या दारातून आत शिरणं जड जातं. चौथा पंथ म्हणतो की याद्या सोडा, वाचत सुटा. मला तो मनापासून पटतो, फक्त त्यासाठी गावात वाचनालय आणि वाचनालयात मुलांना झेपतील अशी इंग्रजी पुस्तकं लागतात.

या सगळ्यांत पहिल्या अक्षराला कुणी मान दिला नाही. तो मिळाला मानसशास्त्रज्ञांकडून. १९६६ साली रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना क्वचित वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द विचारला. ज्यांना शब्द अगदी ओठांवर आला होता पण निघत नव्हता, त्यांना निम्म्याहून अधिक वेळा त्याचं पहिलं अक्षर बरोबर सांगता आलं. मेंदूचे डॉक्टर याच कडीचा वापर तपासणीसाठी करतात: एका मिनिटात ‘एफ’ने सुरू होणारे शब्द सांगा, मग ‘ए’, मग ‘एस’. पुढे फ्रँक बूअर्स आणि सेथ लिंडस्ट्रॉमबर्ग यांनी दाखवलं की इंग्रजीतले एकाच ध्वनीने सुरू होणारे जोडशब्द, ‘सेफ अँड साउंड’, ‘पार्ट अँड पार्सल’ यांसारखे, शिकणाऱ्यांच्या अधिक लक्षात राहतात, विशेषतः ते साम्य त्यांना दाखवून दिलं तर. आपल्याला याचं नवल वाटू नये. सगेसोयरे, पैपाहुणे, भाजीभाकरी, मानमरातब, काटकसर हे शब्द जोडीनेच आपल्या तोंडात बसले आहेत.

कधी कधी सुरुवातीच्या अक्षरांत अर्थाचीही छटा असते. इंग्रजीत ‘जी-एल’ने सुरू होणारे ‘ग्लो’, ‘ग्लीम’, ‘ग्लिटर’, ‘ग्लिमर’ चकाकतात. ‘एस-एन’ने सुरू होणारे ‘स्निफ’, ‘स्नीझ’, ‘स्नोअर’, ‘स्नॉर्ट’ नाकातून निघतात. अशा ध्वनिगुच्छांना शास्त्रीय नाव देणारा भाषावैज्ञानिक जे. आर. फर्थ त्याआधी लाहोरला इंग्रजीचा प्राध्यापक होता.

पण याच संशोधनाची दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून पुस्तक विकणं बरं नाही. फार सारखे शब्द एका दमात शिकले तर एकमेकांचे पाय ओढतात. थॉमस टिंकमच्या १९९३ मधल्या प्रयोगात एकाच अर्थगटातले शब्द असंबद्ध शब्दांपेक्षा शिकायला कठीण गेले. बाटिया लॉफर यांनी रूपाने सारख्या शब्दांचा असाच गोंधळ तपासला. ‘अडॅप्ट’, ‘अडॉप्ट’ आणि ‘अडेप्ट’ एका पानावर छापले की विद्यार्थी तिन्ही ओळखतो आणि तिन्ही चुकवतो. म्हणून एका अक्षराचे शब्द हवेत, पण ते दिसायला जुळे नसावेत आणि अर्थाने भाऊबंद नसावेत. मग त्यांना एकत्र बांधायचं कशाने? आमचं उत्तर आहे, कामाने.

इथे पेण आणि रोहा येतात. पेण म्हटलं की गणपती. पेण, हमरापूर, जोहे, जिते या भागातल्या कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडतात आणि त्या परदेशीही जातात. तिथे चालणारं काम क्रमाने पाहा. प्लास्टर कालवून साच्यात ओतायचं, ‘पोअर’. घट्ट झालं की रबरी साचा सोलून काढायचा, ‘पील’. बुडबुड्यांची भोकं आणि फटी भरायच्या, ‘पॅच’. अस्तराचा हात द्यायचा, ‘प्राइम’. रंगवायचं, ‘पेंट’. पेंढा घालून बांधायचं, ‘पॅक’. सहा क्रियापदं, एकच अक्षर, आणि क्रम असा की एक गाळला तर मूर्तीच पुरी होत नाही. दिसण्यात कुणी कुणाचा जुळा नाही, अर्थाने कुणी कुणाचा प्रतिशब्द नाही. कारखान्यात मोठ्या झालेल्या मुलाला यातलं काम आधीच येतं, त्याला फक्त नाव मिळतं. डोळ्यांच्या आखणीला मात्र आम्हाला ‘पी’ सापडला नाही, आणि ओढूनताणून शोधलाही नाही.

पेण सोडून गाडी कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला पोचते. मध्य रेल्वे तिथे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. कुंडलिकेच्या काठचं हे गाव धाटावच्या एमआयडीसीमुळे रसायनांचंही झालं. तिथल्या ऑपरेटरच्या तोंडी ‘आर’ असतो: ‘रॉ मटेरियल’ ‘रिॲक्टर’मध्ये जातं, वाफ थंड होऊन परत खाली येते ती ‘रिफ्लक्स’, सॉल्व्हंट परत मिळवायचा ती ‘रिकव्हरी’, तळाला उरतो तो ‘रेसिड्यू’, पुन्हा वापरात जातं ते ‘रीसायकल’, आणि शिफ्ट संपताना सगळं ‘रजिस्टर’मध्ये. यातल्या ‘रिफ्लक्स’ आणि ‘रीसायकल’च्या आरंभी परत, पुन्हा असा अर्थ देणारा उपसर्ग बसला आहे, आणि इंग्रजी कोशात ‘आर’ जो फुगलेला असतो तो बराचसा त्यामुळेच. मात्र ‘रेडी’मध्ये तो नाही, हे सांगितलं नाही तर मुलं तिथेही ‘पुन्हा’ शोधतात.

मराठी कानाला खरा दगा देतो तो ‘सी’. धाटावच्या ड्रमवर तो चार आवाजांत बोलतो. ‘कॉस्टिक’, ‘कॉरोझिव्ह’, ‘क्लोरीन’ यांत तो ‘क’. ‘सिलिंडर’ आणि ‘सायनाइड’मध्ये ‘स’. रिॲक्टर ‘चार्ज’ करताना ‘च’. आणि माल ज्या पन्हाळीतून घसरत येतो त्या ‘शूट’मध्ये ‘श’. आपली वर्णमाला उच्चाराच्या स्थानांवर लावलेली आहे. कंठातून निघणारा ‘क’ कायम ‘क’च राहतो. तिच्यात वाढलेला मुलगा इंग्रजी शब्द कानाने ऐकून कोशात शोधायला जातो आणि चुकीच्या दारावर थाप मारतो. वर्कशॉपमधला ‘रेंच’ ‘डब्ल्यू’च्या घरात राहतो, व्हॉल्व्हचा ‘नॉब’ ‘के’च्या, ‘न्यूमॅटिक’ ‘पी’च्या. फोनच्या कीबोर्डवरही पहिलं अक्षर चुकलं की पुढच्या सुचवण्या भरकटतात. त्यामुळे आम्ही कानाचं अक्षर आणि लेखनाचं अक्षर या दोन्ही नोंदी ठेवल्या आहेत. प्रत्येक शब्दाचा उच्चार नागरीत दिला आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी भारतीय भाषा नागरीतूनही लिहिल्या जाव्यात म्हणून आग्रह धरला. तो इंग्रजीसाठी नव्हता, पण परकी भाषा ओळखीच्या लिपीतून जवळ येते ही त्यामागची समजूत आम्हाला उपयोगी पडली.

हे सगळं आत्ताच का? महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या मुलांच्या तुकड्या आता कामाला लागल्या आहेत, संसार करत आहेत. त्यांना कविता वाचता येते, निबंध लिहिता येतो, आणि तरी पेण-वडखळ-नागोठण्याच्या महामार्गावरून धावणाऱ्या टँकरवरचा ‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द त्यांतल्या अनेकांना फसवतो. ‘इन’ म्हणजे नाही, असं शाळेत शिकलेलं असतं: ‘इनकरेक्ट’, ‘इनकम्प्लीट’. त्या हिशेबाने हा माल पेट न घेणारा ठरतो. प्रत्यक्षात ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ एकच, भडकन पेटणारा. रासायनिक मालाच्या लेबलांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत आता ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरतात, पण टँकरवर जुनी अक्षरं अजून दिसतात. प्रत्येक घातक रसायनासोबत सोळा भागांचं सेफ्टी डेटा शीट असतं, आणि ते इंग्रजीत असतं. तिथे शब्द अडला तर गुण जात नाहीत, हात भाजतो.

म्हणून या पुस्तकाची अपेक्षा माफक आहे. ते इंग्रजी संभाषण शिकवत नाही, व्याकरण शिकवत नाही, परीक्षेची यादी पुरी करत नाही. एकेका अक्षराभोवती एकेक काम घेतलं आहे: मूर्तीचा कारखाना, रसायनाचा प्लांट, पोह्याची गिरणी, पापडाचा गृहोद्योग, रेल्वे स्टेशन, बँक, दवाखाना. अक्षरं ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत ओळीने लावलेली नाहीत. सुरुवात ‘एस’ने आहे, कारण इंग्रजी कोशात सर्वांत जास्त शब्द त्याचे असतात आणि स्टेशन, सिग्नल, शिफ्ट, सॅलरी हे शब्द या पट्ट्यात सगळ्यांच्याच कानावर असतात. ‘एक्स’ला अर्धं पान पुरलं. दिसायला जुळे असलेले शब्द मुद्दाम दूरदूर ठेवले आहेत, तेव्हा ते एकत्र का नाहीत अशी तक्रार शिक्षकांनी करू नये. प्रत्येक गटाशेवटी रिकामा तक्ता आहे, नाव-गाव-फळ-फूलच्या धर्तीवर. तो पुस्तक मिटून भरायचा आहे. उघडं ठेवून भरला तर अक्षर सुधारेल, शब्द वाढणार नाहीत.

कोळी, आगरी आणि आदिवासी वाड्यांतल्या मुलांच्या कामांना आम्ही पुरेशी जागा देऊ शकलेलो नाही. होडी, जाळं, मिठागर, भातशेती यांच्याभोवतीचे इंग्रजी शब्द ‘एन’, ‘एच’ आणि ‘के’ या अक्षरांत अजून विरळ आहेत. वाचकांपैकी जे कुणी या कामांत आहेत, त्यांनी आपल्या तोंडी असलेले शब्द, ते कुठल्या कामात वापरतात त्याच्या एका ओळीसह, प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवावेत. पुढच्या आवृत्तीत ते त्या त्या अक्षराखाली घेतले जातील.